हाळीचं उत्तर

सरांनी माझ्या आईचा आवाज थांबवला नाही. वाढवला.

शनिवारचा तास होता. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये भिंतीवर मोठा स्क्रीन, दोन्ही बाजूंना स्पीकर. माझा फोन वायरने त्या स्क्रीनला जोडलेला, म्हणजे माझ्या फोनवर जे येईल ते सगळ्या वर्गाला दिसणार. मी टेबलाजवळ उभी होते. एक युक्ती सांगून झाली होती, दुसरी सांगायची होती. तेवढ्यात स्क्रीनच्या वरच्या कडेला आईचा फोटो उमटला. हिरव्या लुगड्यातली, तोंड मिटून हसणारी. आईचा व्हॉइस मेसेज आला होता.

"अरे वा, लाइव्ह डेमो!" सर म्हणाले. मी हात पुढे करेपर्यंत त्यांनी माझ्या फोनवर बोट टेकवलंसुद्धा.

"ए बायेऽऽऽ! बाये गंऽऽऽऽ!"

अख्खी लॅब दणाणली. क्षणभर कुणाला कळेना हे काय आहे. मग हसू फुटलं. आधी मागच्या बाकावरून, मग सगळीकडून. सरही हसले. आणि हसता हसता त्यांनी स्पीकरचा आवाज आणखी मोठा केला.

पण स्पीकरमधून काहीच येईना. नुसता वारा. बराच वेळ वारा. मग पुन्हा आई, आधीपेक्षा लांबवर, आधीपेक्षा मोठ्यानं.

"बायेऽऽऽऽ! ओ दे गंऽऽऽऽ!"

"काय गं, डोंगराला आग लागलीय का?" सरांनी विचारलं.

पोरं बाक बडवायला लागली. सरांनी डोळे पुसले. खरंच पाणी आलं होतं त्यांच्या डोळ्यांत, एवढे हसत होते. म्हणाले, "आईला सांग, हा फोन आहे, भोंगा नाही." आणि मग वर्ग जरा निवल्यावर, सहज, जाता जाता म्हणावं तसं, "सवलतीत सगळं मिळतं रे. शहाणपण तेवढं मिळत नाही."

त्यावर सगळ्यात मोठा हशा झाला.

मेसेज अजून संपला नव्हता. सरांनी तो मध्येच बंद केला आणि पुढच्या मुलाला बोलावलं. मी फोनची वायर काढली. जागेवर जाऊन बसले. पुढचा मुलगा कमी उजेडात फोटो चांगला कसा काढायचा ते सांगायला लागला, आणि सगळे मन लावून ऐकायला लागले.

त्या तासाचं नाव 'मोबाइलच्या युक्त्या'. दर शनिवारी एकेका विद्यार्थ्यानं उभं राहून रोजच्या उपयोगाच्या चार गोष्टी सांगायच्या. कल्पना सरांचीच. सर मुलांचे लाडके होते. विनोद करायचे, फॉर्म भरायला मदत करायचे, कुणाचा फोन बिघडला तर स्वतः बसून बघायचे. माझाही एकदा बघितला होता. म्हणून तर मी एवढ्या विश्वासानं फोन त्यांच्या टेबलावर ठेवला.

पोरांच्या युक्त्या म्हणजे फोटो लपवायचे कसे, एका फोनवर दोन खाती चालवायची कशी, गाणी फुकट कशी ऐकायची. माझ्या युक्त्या वेगळ्या. मी तळेघरच्याही वरच्या एका वाडीतली. भात आणि नाचणी पिकवणारी माणसं आम्ही. डिंभ्याचं धरण मागे पडलं की फोनवरच्या रेघा एकेक करून जातात, आणि आमच्या वाडीत पोचेपर्यंत फोन म्हणजे उजेड दाखवायची बॅटरी उरते. सगळ्या वाडीत रेंज येते एकाच जागी. टेपाडावर, जुन्या हिरड्याच्या झाडाखाली. त्या झाडाच्या फांद्यांना पिशव्या टांगलेल्या असतात. कापडी, प्लास्टिकच्या, एक तर दुधाच्या पिशवीची शिवलेली. प्रत्येकीत एकेक फोन. रानात जाता जाता माणसं फोन टांगून जातात, येता येता काढून घेतात. तेवढ्यात कुणाचा मेसेज यायचा असेल तो येतो, जायचा तो जातो. चोरी कधी झाली नाही. एकदा वानरानं नेला, तेवढाच.

त्या झाडाखाली मी युक्त्या शिकवत आले. घरी असताना फोनवरचं विमानाचं चित्र दाबून ठेवा, नाहीतर फोन दिवसभर रेंज शोधतो आणि बॅटरी संपवतो. पावसात पिशवीचं तोंड खाली करून टांगा. फोन भिजला तर आधी बंद करा, चालू करून बघायची घाई करू नका. एकानं शहाणपणानं विचारलं की फोन तांदळाच्या डब्यात ठेवतात ना? तर यमुनाकाकू म्हणाल्या, "तांदूळ आमी खायाचा का ह्याला चारायचा?" वाडीभर आठ दिवस हसणं चाललं होतं. आम्हालाही हसता येतं. कुणाला खाली पाडायला ते हसणं नव्हतं.

आईला वाचता येत नाही. म्हणून तिच्या फोनमध्ये नावांच्या जागी मी चित्रं घातली. माझ्या नंबराला माझा फोटो. गाडीवाल्याला जीप. आशाताईंना इंजेक्शन. रेशनच्या दुकानाला पोतं. मामाला त्याचा बैल, कारण मामापेक्षा बैल लवकर ओळखू येतो असं आई म्हणाली. यात मोठं काही नाही, कुणालाही सुचेल. पण आईनं पहिल्यांदा कुणाला न विचारता मामाला फोन लावला, तेव्हा फोन कानाला लावून ती झाडाभोवती फिरत होती. बोलणं झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "लागला गं बाये. माझ्या हातानं लागला."

नंतर व्हॉइस मेसेज शिकवला. माइकच्या चित्रावर बोट दाबून ठेवायचं असतं, पण लावणी, बेणणी करून आईची बोटं इतकी घासली आहेत की ती काचेवरून निसटतात. म्हणून सांगितलं, बोट वर सरकव, म्हणजे कुलूप लागतं. मग बोट काढलं तरी चालतं. सावकाश बोल. झालं की बाण दाब.

हेच मी त्या शनिवारी वर्गात सांगायला उभी होते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रांचे नंबर, ही पहिली युक्ती. व्हॉइस मेसेज ही दुसरी. ती सांगणार, तेवढ्यात आईचा आला. तिनं एकटीनं पाठवलेला पहिला मेसेज.

आता हाळीबद्दल सांगितलं पाहिजे. ज्यांना माहीत आहे त्यांनी एवढं सोडून पुढे जावं.

आमची वाडी एका अंगाला, एसटीचा फाटा दुसऱ्या अंगाला, मध्ये खोल ओहोळ. फाट्यावर उतरलेल्या माणसानं आधी हाळी द्यायची. वाडीतून कुणीतरी ओ देतं. ओ आली की मग बोलणं. ओहोळाला पाणी किती आहे, वरच्या वाटेनं या की खालच्या, कुत्रं मोकळं आहे का. रानात कुणी पडलं, साप निघाला, गाय अडली, तरी हाळीच. हाळीचा एक नियम आहे, कुणी शिकवत नाही, सगळ्यांना येतो. समोरून ओ आल्याशिवाय पुढचं बोलायचं नाही. उगाच बोललं तर वाऱ्यावर जातं. हाळी द्यायची, थांबायचं, कान द्यायचा. ओ आली नाही तर पुन्हा द्यायची. ओ येईपर्यंत.

आई त्या दिवशी टेपाडावर गेली. कॉलेज ज्या दिशेला आहे तिकडे, खाली डिंभ्याकडे तोंड करून उभी राहिली. कुलूप लावलं. आणि एवढ्या लांब असलेल्या लेकीला जशी द्यायला हवी तशी हाळी दिली. मग माझी ओ यायची वाट बघत थांबली. तो वारा जो स्पीकरमधून आला, ते आईचं थांबणं होतं.

वसतिगृहावर जाऊन मी तो मेसेज शेवटपर्यंत ऐकला. तीन हाळ्यांनंतर आई पुष्कळ वेळ गप्प आहे. मग अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणते, "कामात असंल. असूं दे." थोडं थांबते. "भात निसवलंय बाये. तू आली का नवं तांदूळ करू. बोटाला कापलं व्हतं तुज्या, त्ये बरं झालं का?" मग फोन खुडखुडतो. "आता ह्यो बाण कुठं गेला... ह्यो का? न्हाई. हां." आणि संपतो. मी तो ऐकला आणि उशीत तोंड खुपसून रडले. राग नंतर आला. आधी नुसतं रडूच आलं.

वर्गात रोहन नावाचा एक मुलगा होता. बागायतदाराचा मुलगा, रील्स करायचा, पोरांत त्याचं नाव होतं. त्यानं तो तास मोबाइलवर घेतला होता. संध्याकाळपर्यंत त्याची क्लिप तयार झाली. पहिल्या दोन हाळ्या, प्रत्येक हाळीनंतर शेळीचं ओरडणं, मागे वर्गाचं हसणं. वर नाव, 'डोंगरी रिंगटोन'. आईचं थांबणं त्यानं कापून टाकलं होतं. 'असूं दे' त्याच्याकडे नव्हतंच, तोवर सरांनी मेसेज बंद केला होता.

मला ती क्लिप प्रीतीनं दाखवली. प्रीती माझ्या बाकावर बसायची. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे. पणजोबा राजस्थानातून आले, पण ती माझ्यासारखीच मराठी बोलते, फक्त तिच्या दुकानातल्या खुर्चीवर मी कधी बसले नाही आणि तिनं कधी बस म्हटलं नाही. तिनं फोन माझ्यापुढे धरला. म्हणाली, "मनावर नको घेऊस. आठ दिवसांत विसरतात सगळे." वर्गाच्या ग्रुपवर त्या क्लिपखाली हसण्याच्या चित्रांची रांग लागली होती. त्यात सरांचंही एक होतं.

कुणी विसरलं नाही. क्लिप कॉलेजातून बाजारात गेली, बाजारातून गाड्यांत गेली. मधल्या सुट्टीत कुठंतरी कुणाचा फोन वाजायचा आणि माझी आई मला हाक मारायची. ए बायेऽऽऽ. दर वेळी माझी मान त्या बाजूला वळायची. लहानपणापासूनची सवय, त्या आवाजाला मान वळतेच. ते पोरांच्या लक्षात आलं. मग मुद्दाम वाजवायला लागले.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. फाट्यावर उतरले आणि हाळी दिली. ओ आली, पण ती यमुनाकाकूंची. "वरच्या वाटंनं येऽऽऽ! खाली निसरडं हायेऽऽऽ!" मला वाटलं आई रानात असेल. पोचले तर आई दारातच उभी. बाहेर उभी राहून, मला ओहोळ उतरताना, चढताना बघत. हाळी ऐकून, ओ न देता.

"आलीस व्हय," ती म्हणाली. इतक्या हळू की मला ओठांवरून कळलं.

"ओ का नाय दिलीस?"

"घसा बसलाय जरा."

घसा बसला नव्हता. दुसऱ्या दिवशी धुण्यावर यमुनाकाकूंनी सांगितलं. आई आणि त्या बाजाराला निघाल्या होत्या. जीप भरलेली. चालकाचा फोन वाजला आणि आईची हाळी आली, मागून शेळी ओरडली. जीपभर माणसं हसली. एकानं विचारलं, "कोन वो ही बया?" चालक म्हणाला, "काय ठावं, पावणं. मोबाइलवर आलंय. लई चाललंय सध्या." त्याची चूक काही नाही, त्याला माहीत नव्हतं. आई मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पुन्हा फोन वाजला. पुन्हा हसले. वाटेतल्या शिनोलीला आई म्हणाली, मला हितंच काम हाय. उतरली. बाजार न करता परत चालत निघाली. काकू म्हणाल्या, "म्या म्हनलं थांब, मी बी येते. तर पदर तोंडाला धरून पुढंच गेली."

मी घरी येऊन आईजवळ बसले. ती नाचणीची कणसं चोळत होती. म्हटलं, "आई, त्या पोरांची अक्कल काढ. तुझा काय दोष?"

ती वर बघेना. "न्हाई बाये, माझाच गळा वंगाळ. फोनला हळू बोलायचं असतंय, मला ठावं नव्हतं. तुज्या कालिजात तुला खाली बघाय लागलं." चोळता चोळता थांबली. "फोन यमुनीला दे. मला नगं."

बॅटरी कशी वाचवायची ते मी सांगितलं होतं. पिशवी कशी टांगायची ते सांगितलं होतं. आवाज पाठवला की तो कुणाकुणाच्या हातात जातो, हे कुणी मलाच सांगितलं नव्हतं. कॉलेजातल्या कुठल्याच शनिवारी ही युक्ती आली नाही.

त्या सुट्टीत आई घरातही हळू बोलायची. कोंबड्यांना आत घेताना नुसतं चुक चुक करायची. सगळ्या डोंगराला जिचा गळा माहीत, जिच्या हाळीवर वरच्या वाडीची माणसंसुद्धा ओ द्यायची, ती बाई चुलीपुढे कुजबुजायची. सुट्टी संपली तेव्हा मी ओहोळ उतरून पलीकडे चढले. फाट्यावरून 'जाते' अशी हाळी द्यायची पद्धत आहे. मी दिली. थांबले. एसटी येईपर्यंत थांबले. आई अंगणात उभी दिसत होती. तिनं हात वर केला. नुसता हात.

गवत कापायच्या दिवसांत ते झालं. आई गवताचा भारा डोक्यावर घेऊन खाचराच्या बांधावरून येत होती. पाय घसरला. भाऱ्यासकट खाली कोसळली. पायाचं हाड मोडलं. समोरच्या उतारावर यमुनाकाकू गवत कापत होत्या. दिसत नव्हत्या, पण एक हाळी दिली असती तर धावत आल्या असत्या. आई तिथंच पडून राहिली. ऊन डोक्यावर होतं तेव्हापासून, गुरं परत फिरेपर्यंत. गुरांमागून आलेल्या काकूंना ती सापडली. तोवर पाय सुजून काळानिळा पडला होता. घोंगडीची झोळी करून माणसांनी तिला फाट्यापर्यंत आणलं.

मी सरकारी दवाखान्यात पोचले. पायाला प्लास्टर होतं. काकू उशाशी रडत होत्या आणि रडता रडता आईला बोलत होत्या. "अगं म्या हितं पल्याड व्हते की. एक हाळी द्यायची व्हती. का न्हाई दिली?"

आईनं माझ्याकडे बघितलं, मग छताकडे.

"कुणी हासलं असतं," ती म्हणाली.

त्या खाटेजवळ मी उभी होते आणि मला पहिल्यांदा नीट कळलं की काय झालं आहे. तोवर मी त्याला चेष्टा म्हणत होते, अपमान म्हणत होते. आईला मी फोनच्या कडेच्या बटणाची युक्ती शिकवली होती, पटापट दाबलं की मदतीला फोन जातो. पण त्या खाचरात रेंज नाही. तिथं कुठलीच युक्ती चालत नाही. तिथं फक्त गळा पोचतो. आमच्या डोंगरात माणसाला माणसापर्यंत पोचवणारी तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती यांनी माझ्या आईकडून काढून घेतली. हसून काढून घेतली.

कॉलेजात आले तर सर मलाच शोधत होते. बाहेरून पाहुणे येणार होते. खेडोपाडी मोबाइलची जागृती, असं काहीतरी. सर म्हणाले, "तुझी ती चित्रांच्या नंबरवाली युक्ती दाखवू. भारी आहे ती. तू तुमच्या पारंपरिक वेशात ये. आणि सुरुवातीला ती रिंगटोन लावू, पब्लिक जागं होतं."

"सर, ती लावू नका. तो माझ्या आईचा आवाज आहे."

"अगं, फेमस झाली ना तुझी आई!" त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. मनापासून थोपटलं. त्यांना खरंच वाटत होतं की ते मला काहीतरी देत आहेत.

कार्यक्रमाला मी रोजच्याच ड्रेसमध्ये गेले. सभागृह भरलेलं. पुढच्या रांगेत पाहुणे, सर बाजूला उभे, साउंडवर रोहन. माझं नाव पुकारलं. मी पायऱ्या चढायला लागले आणि आई घुमली. ए बायेऽऽऽ. शेळी ओरडली. सभागृह हसलं. पाहुण्यांनी एकमेकांकडे बघून कौतुकानं मान हलवली.

मी माइकपाशी गेले. माइक बंद केला. बाजूला ठेवला.

आणि हाळी दिली. माझा गळा आईचाच आहे. पोटातून दिली, ओहोळापलीकडे द्यावी तशी. खिडकीची काच थरथरली. हशा अर्ध्यातच तुटला.

मी थांबले. कान दिला.

कुणी ओ दिली नाही. पंख्याचा आवाज येत होता. एक पाहुणे खुर्चीत सावरून बसले. सरांनी हातानं खूण केली, पुढे बोल. मी पुढे बोलले नाही. पुन्हा हाळी दिली. पुन्हा थांबले. चौथ्या रांगेतून प्रीती उठली. तिचं तोंड उघडलं. मग तिनं आजूबाजूला बघितलं आणि परत बसली.

तेव्हा मी बोलले. माइकशिवाय. "आमच्याकडे हाळी दिली की ओ देतात. ओ आल्याशिवाय पुढचं बोलत नाहीत. आत्ता तुम्ही ऐकली ती माझ्या आईची हाळी. ती मला होती. तुम्हाला नव्हती. कुणाला विचारून वाजवली? कुणाला विचारून कापली? माझी आई रानात पाय मोडून पडली होती आणि तिनं हाक मारली नाही. तुम्ही हसाल म्हणून मारली नाही. सर, ओ द्या."

सर पाहुण्यांकडे बघून हसले. तेच लाडकं हसू. "जरा भावनिक झाली," ते म्हणाले. "पुढचा कार्यक्रम घेऊ."

मी खाली उतरले. युक्ती दाखवली नाही. आईच्या चित्रांतलं एकही चित्र मी त्या स्क्रीनवर जाऊ दिलं नाही. बाहेर व्हरांड्यात सरांनी मला गाठलं. तिथं हसू नव्हतं. "इंटर्नलचे मार्क माझ्याकडे आहेत, एवढं लक्षात ठेव."

"ठेवलंय सर," मी म्हणाले. "तुम्ही पण ठेवा. ओ राहिलीय."

रोहननं क्लिप गुपचूप काढून टाकली. प्रीतीनं मला ते आनंदाची बातमी सांगावी तसं सांगितलं. पण काढून टाकलं म्हणजे गेलं असं नसतं, एवढं तर मोबाइल हातात धरणाऱ्या कुणालाही कळतं. ती ज्या फोनांत गेली तिथं आहेच. बाजारात अजून वाजते. ती नुसती फोनांतून जाऊन मला पुरणार नाही. मला सरांचं उत्तर पाहिजे. वाडीत येऊन, आईसमोर, तिच्या अंगणात उभं राहून. ग्रुपवर नको, माझ्या कानात नको.

आईचा पाय जुळला, पण वाकडा जुळला. चालताना एका अंगाला झुकते. मी कार्यक्रमातलं सगळं तिला सांगितलं. तिला आनंद झाला नाही. "कशाला भांडती?" म्हणाली. "शीक गुमान." मी फोन पुढे केला. तिनं हात लुगड्यात लपवले. तिचा तो मेसेज माझ्याकडे आहे, 'असूं दे' पर्यंत अख्खा. मी तो कुणाला ऐकवत नाही. तिला एकदा ऐकवावा असं फार वाटतं, पण तिचाच आवाज ऐकून ती पदर तोंडाला धरेल याची मला भीती वाटते.

सुट्टीत हिरड्याखाली मी अजून शिकवते. विमानाचं चित्र, पिशवीचं तोंड, चित्रांचे नंबर. पण आता सगळ्यात आधी सांगते ती वेगळी गोष्ट. दुसऱ्याचा आवाज, दुसऱ्याचं तोंड त्याला विचारल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही. आणि आपला गळा कुणासाठी बारीक करायचा नाही. ते ऐकायला सगळी वाडी बसते. आई जरा लांब, दगडावर बसते. वाडीत येता जाता मी फाट्यावरून हाळी देते. काकू ओ देतात, वरच्या वाडीतून कुणी देतं. आई हात वर करते.

आणि दर शनिवारी तो तास असतो. सर आत येतात, हजेरी होते, कुणीतरी युक्ती सांगायला उठतं. त्याच्या आधी मी उभी राहते.

"सर, ओ द्या."

पहिल्यांदा हसले. नंतर हसायचे थांबले. आता लॅबमध्ये त्या वेळी पंख्याचा आवाज येतो. प्रीती खाली बघते. रोहन खिडकीबाहेर बघतो. सर पुस्तक उघडतात, पान उलटतात, म्हणतात, "बस खाली."

मी बसत नाही.